गालिचा भिजला, आता क्लेम मिळेल का?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात सोफ्याच्या कव्हरांवर लिहिलं होतं आणि पत्रं आली ती सगळी गालिच्यांची. पावसाळा आहे, नवल नाही. कुणाचा भिजलाय, कुणाच्यावर मांजर मुतलंय, कुणाचा लाँड्रीवाल्याने वाट लावून परत दिलाय, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच वाक्य की ताई इन्शुरन्सवाले देतील का हो. नवीन वाचकांसाठी सांगते, सासऱ्यांची नौपाड्यात लाँड्री होती, तिच्या काउंटरवर मी बावीस वर्षं काढलीत, त्यामुळे डागांचं मला कळतं. विम्याचं जे कळतं ते स्वतःचा क्लेम नाकारला गेला तेव्हा पॉलिसी आयुष्यात पहिल्यांदा उघडून वाचली म्हणून कळतं, ते रामायण पुढे येईलच.

वरच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनचा पाईप निघाला, ती माणसं गावाला गेलेली, रात्रभर पाणी चालू. सकाळी आमच्या हॉलच्या सीलिंगमधून धार. खाली श्रीनगरहून आणलेला ६ बाय ९ चा हाताने विणलेला लोकरीचा गालिचा होता, ६५ हजारांचा, पावती आहे. बाल्कनीच्या रेलिंगवर वाळत टाकलाय पण लाल रंग पांढऱ्या भागात उतरतोय. होम लोनबरोबर बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी आहे. एजंट म्हणतो कार्पेट कव्हर होत नसतं. खरं का? (घोडबंदर रोड, ठाणे)

अहो आधी तो रेलिंगवरून उतरवा. यांना मी हे त्याच दिवशी फोनवर सांगितलं, इथे बाकीच्यांसाठी सांगतेय. ओला लोकरीचा गालिचा इतका जड होतो की दोघांना उचलवत नाही, आणि तो मधोमध दांडीवर टाकला की सगळा भार आतल्या सुती ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर येतो, ताणा तुटला की गालिचा कायमचा वाकडा. शिवाय लटकवल्यावर पाणी खाली खाली उतरतं आणि येताना सुटलेला रंग घेऊन येतं. टोकाच्या पांढऱ्या दशा गुलाबी होतात त्या अशाच.

फरशीवर सपाट पसरा. जुने टॉवेल, सुती चादरी वर टाकून त्यावर पायाने दाबत चाला, ओली झाली चादर की पिळा, परत टाका. घासायचं अजिबात नाही, लोकर ओली असताना घासली की तिचा नमदा होतो, म्हणजे तंतू गुंतून घट्ट थर बसतो. सोफा धुवायला घरी येतात त्या पोरांकडे पाणी ओढणारा व्हॅक्यूम असतो, तासाभरासाठी बोलावलंत तरी अर्धं काम होतं, फक्त त्याला सांगा की शॅम्पू काढू नकोस, फक्त पाणी ओढ, कारण तो सवयीने फेस करायला घेतोच. मग पालथा करून खाली हवा खेळेल असा ठेवायचा, प्लास्टिकचे क्रेट, स्टुलं, माळ्यावर नवारीची खाट असेल तर तिच्यासारखं काहीच नाही. एक पंखा वरून एक खालून. बाहेर धो धो चालू असताना खिडक्या उघड्या टाकून काहीही वाळत नाही, उलट दमट हवा आत येते, तेव्हा खिडक्या बंद आणि एसी असेल तर ड्राय मोडवर. भिजलेल्या कापडावर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात, म्हणजे रविवारी बघू म्हणायची सोय नाही. ऊन पडलंच तर मागची बाजू उन्हाला द्या, तोंडाची नको.

पण हे सगळं करायच्या आधी पाच मिनिटं फोटो काढा. सीलिंगमधून गळतानाचा व्हिडिओ, भिजलेला गालिचा पूर्ण, मग जवळून, मागची बाजू, आणि वरच्यांचा तो निघालेला पाईप सुद्धा. "सर्व्हेयर (कंपनीचा नुकसान तपासणारा माणूस) येईपर्यंत हात लावू नका" असं कुणीतरी सांगतं आणि लोक तीन दिवस गालिचा तसाच कुजत ठेवतात. उलट आहे. नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही वाजवी काळजी घ्यायची ही पॉलिसीचीच अट असते. वाळवा, पुसा, फक्त फेकू नका.

आता एजंट. त्याचं अर्धं खरं आहे, आणि हे अर्धं बऱ्याच एजंटांनाही माहीत नसतं. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, घरासाठी भारत गृह रक्षा नावाची एकच ठरावीक साच्याची पॉलिसी आणली, कंपनी कुठलीही असो आतली भाषा तीच. तिच्यात आग, भूकंप, वादळ, पूर यांच्याबरोबर पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाईप फुटणं किंवा ओसंडून वाहणं हे पण आहे. म्हणजे तुमचं कारण बसतंय. दुसरं, बिल्डिंगचा विमा घेतला की घरातल्या सामानाला यादी न देताच आपोआप कव्हर मिळतं, बिल्डिंगच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख. समजा बिल्डिंगला ४० लाखांचा विमा आहे तर सामानाला ८ लाख.

मग अडलं कुठे? तर या पॉलिसीत सामानाचे दोन डबे आहेत. साधं सामान म्हणजे फर्निचर, टीव्ही, फ्रिज, कपडे वगैरे. आणि दुसरा डबा मौल्यवान सामानाचा, त्यात दागिने, चांदीची भांडी, चित्रं, जुन्या दुर्मिळ वस्तू, आणि त्यांच्याच रांगेत चक्क मौल्यवान गालिचे असं लिहिलंय! हा दुसरा डबा आपोआप मिळत नाही, तो वेगळा मागून, वेगळा प्रीमियम भरून घ्यायचा असतो. आता ६५ हजारांचा गालिचा साधा की मौल्यवान, यावर कंपनी तिच्या बाजूने बोलणार तुम्ही तुमच्या बाजूने. माझं मत विचाराल तर हॉलमध्ये अंथरून ज्याच्यावर पोरं मॅगी खातात ते फर्निचरच आहे, आणि मी तसंच लिहून क्लेम टाकला असता. टाकाच. नाही म्हणाले तर तोंडी ऐकून घ्यायचं नाही, कुठल्या कलमाखाली नाकारताय ते लेखी मागायचं. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, त्याने महिन्याभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील नको, नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं, आणि आता त्यासाठी सांताक्रूझला पण जावं लागत नाही, ठाण्यात ऑफिस झालंय. तक्रार कशी घालायची ते कळत नसेल तर आयआरडीएआयचा १५५२५५ हा टोल फ्री नंबर आहे.

त्याआधी मात्र कपाटातून ती पॉलिसी काढा आणि वर नाव काय आहे ते बघा. बँकेने दिलेल्या जुन्या, दहा-पंधरा वर्षांच्या मुदतीच्या पॉलिसी बऱ्याचदा फक्त स्ट्रक्चरच्या असतात, भिंती आणि स्लॅब, आतलं काही नाही. तसं असेल तर विम्याचा नाद सोडा आणि वरच्या मजल्यावर जा. सोसायटीच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, फ्लॅटच्या आतल्या गळतीची जबाबदारी त्या फ्लॅटवाल्याची असते. भांडायला नको, गालिचा चांगल्या ठिकाणी धुवून घ्यायचं कोटेशन आणा आणि ते त्यांच्या हातात द्या. नवीन गालिचा मागितलात तर दार बंद होईल, धुलाई मागितलीत तर शंभरातले निम्मे लोक तरी शरमेने देतात, हा माझा काउंटरवरचा अनुभव.

आणि पुढच्या रिन्यूअलला हा गालिचा मौल्यवान सामानात लिहून टाका. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर व्हॅल्युअरचा (किंमत ठरवणाऱ्याचा) दाखला सुद्धा लागत नाही.

आमच्या बोक्याने हॉलमधल्या कार्पेटवर एकाच कोपऱ्यात करायची सवय लावून घेतलीय. फिनाईल, डेटॉल, व्हिनेगर सगळं झालं. उन्हाळ्यात वास गेला असं वाटलं, जून लागला आणि परत घमघमाट. पॉलिसी आहे, तिच्यातून कार्पेट बदलून मिळेल का? (सीवूड्स)

नाही मिळणार. घरच्या प्राण्याने केलेली घाण, कुरतडणं, ओरखडे हे पॉलिसीवाले बाहेरच ठेवतात, त्यात वेळ घालवू नका.

पण वास जाऊ शकतो. मांजराच्या लघवीतल्या यूरिक ॲसिडचे खडे कार्पेटच्या बुडात वाळून बसतात, हवा कोरडी असली की गप्प असतात, दमट झाली की परत वास सोडतात, म्हणून तुम्हाला दर जूनमध्ये नव्याने शिक्षा. साबणाने ते खडे निघत नाहीत. त्यासाठी एन्झाईमवालं क्लीनर लागतं, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं. ते शिंपडून पुसायचं नसतं हो, तिथेच सगळ्यांचं चुकतं. लघवी जितकी खोल गेली असेल तितकं खोल ते जायला हवं, म्हणजे चांगलं ओलं करायचं, वर ओला कपडा टाकून काही तास ते ओलंच राहू द्यायचं, डब्यावर वेळ दिलेली असते, मग टिपून वाळवायचं. जुन्या डागाला दोनतीनदा करावं लागतं. आणि आधी फिनाईल-डेटॉल मारलेलं असेल तर ते साध्या पाण्याने धुवून काढा, नाहीतर एन्झाईम काम करत नाहीत. खरं तर फिनाईल मांजराच्या घरात आणूच नका, ते पायाला लागतं, बोका पाय चाटतो, आणि ते त्यांना विषारी आहे. ब्लीच पण नको, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून घातक वायू होतो. गरम वाफेची मशीनवाली पोरं आली तर त्या कोपऱ्याला हात लावू देऊ नका, उष्णतेने डाग आणि वास दोन्ही पक्के होतात.

खाली फोमची गादी असेल तर कोपरा उचलून बघा. ती भिजली असेल तर तेवढी कापून नवीन लावा, फोम धुवून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

एक अजून, सवय बदलली म्हणजे बोक्याला व्हेटकडे न्या. बोक्यांना लघवी अडण्याचा त्रास होतो आणि तो थेंब थेंब करत सारखा बसत असेल तर ते त्याच दिवशी दाखवायचं काम आहे, कार्पेट राहू दे बाजूला.

हॉलच्या बाहेरच्या भिंतीला दोन पावसाळे ओल आहे. भिंतीला लागून असलेल्या रगला मागून काळे ठिपके आले, कुबट वास येतो. इन्शुरन्स कंपनीने "हळूहळू झालेलं नुकसान" म्हणून क्लेम नाकारला. सोसायटी म्हणते तुमचा रग, तुम्ही बघा. (नेरुळ)

बसा, चहा घ्या, माझीच गोष्ट तुम्ही लिहिलीत.

आमच्याकडे ओल भिंतीतून कपाटात आली. सासूबाईंच्या हातची जुनी घोंगडी आणि एक सोलापूरची मोठी सतरंजी, दोन्ही गेल्या. मी मोठ्या तोऱ्यात क्लेम टाकला. तो सर्व्हेयर बिचारा भला माणूस होता, भिंतीवरचे पोपडे बोटाने काढत म्हणाला, मॅडम हे कधीपासून आहे, आणि मी अभिमानाने सांगितलं, अहो तीन वर्षं झाली, कुणी लक्षच देत नाही! संपलं. माझ्याच तोंडाने क्लेम बुडवला. तीन वर्षं झाली म्हणजे तीन वर्षं तुम्ही बघत बसलात, असा त्याचा अर्थ होतो.

विमा हा अचानक झालेल्या घटनेचा असतो. काय खराब झालं हे तो नंतर बघतो, पाणी कसं आलं हे आधी बघतो. पाईप फुटला, घटना. नाल्याचं पाणी घरात शिरलं, घटना. भिंत मुरत गेली, ती घटना नाही, ते दुखणं आहे. तेव्हा कंपनीने तुम्हाला दिलेलं उत्तर मनाला लागलं तरी चुकीचं नाहीये, लोकपालाकडे जाऊन फारसं हाती लागेल असं मला वाटत नाही.

सोसायटीचं उत्तर मात्र चुकीचं आहे. पावसाच्या पाण्याने होणारी गळती, गच्ची, बाहेरच्या कॉमन पाईपलाईन यांची दुरुस्ती सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायची हे मॉडेल बायलॉजमध्ये स्वच्छ लिहिलंय. आतल्या बाथरूम-सिंकची गळती ज्याची त्याची. त्यामुळे आधी एखाद्या प्लंबरकडून किंवा वॉटरप्रूफिंगवाल्याकडून लिहून घ्या की ओल बाहेरून येतेय, आणि ते पत्राला जोडून सेक्रेटरीच्या हातात द्या, पोच घ्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या तक्रारीला काडीची किंमत नसते, तिथे तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली ती गाडली जाते. दोन्ही पावसाळ्यांतले फोटो फोनमध्ये असतीलच, तारखेसकट जोडा. रगचे पैसे मिळतील असं नाही म्हणत, पण भिंत झाली तर पुढचं तरी वाचेल.

रगचं आता. तोंडाला मास्क लावून गॅलरीत न्या, घरात झटकू नका, बुरशीची पूड सगळीकडे उडते. पूर्ण वाळू द्या, मग दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम. सिंथेटिक असेल तर वाळवून मग पातळ साबणाच्या पाण्याने धुतलात तरी चालेल. लोकरीचा असेल तर ब्लीच चुकूनही नको, क्लोरीनने लोकर विरघळते, खरंच विरघळते, लाँड्रीत एकदा एका पोऱ्याने करून दाखवलं होतं. ज्यूटचं बूड असेल तर ते भिजलं की तपकिरी पाणी वर येतं आणि वाळल्यावर नवाच डाग दिसतो, ते कमी ओलं करून करायचं काम. आणि बूड हाताने चुरडतंय असं झालं असेल तर नमस्कार करा आणि टाका.

सगळ्यांनाच सांगते, जूनच्या पहिल्या आठवड्यात गालिचे उचलायचे. आमच्याकडे ठाण्या-नवी मुंबईत गालिचा हा दिवाळी ते होळीचा पाहुणा आहे, पावसाळ्यात फरशी मोकळीच बरी. व्हॅक्यूम करून, एक दिवस उन्हाची हवा दाखवून, घडी न घालता गुंडाळायचा, घडीवर लोकर तुटते. वरून जुनी सुती चादर, प्लास्टिक नाही, प्लास्टिकमध्ये आतल्या आत घाम येतो. लोकरीच्याला कसर लागते म्हणून मधून मधून उघडून बघायचा, कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकायची आमच्या सासूबाईंची पद्धत, मी अजून टाकते.

बहिणीच्या हळदीत क्रीम कलरच्या रगवर हळद सांडली. लगेच कपड्याच्या साबणाने घासली तर डाग लाल झाला!! आता काय? (कळवा)

तुम्ही घरी कुंकू केलंत. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, पूर्वी चुना घालून कुंकू असंच करायचे. साबण क्षारी. घाबरू नका, पातळ व्हिनेगरने टिपलंत की परत पिवळी होईल. मग सिंथेटिक असेल तर पांढऱ्या कपड्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन कडेकडून मधे टिपत या, हळद त्यात सुटते, आधी मागच्या कोपऱ्यावर रंग उतरत नाही ना बघून. राहिलेला डाग सरळ उन्हात. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोनतीन दिवसांत फिका पडतो. पाऊस असला तर थांबा, घाई नाही, ही डागांमधली एकमेव गोष्ट जी थांबल्याने बिघडत नाही.

विम्याचं विचारलं नाहीत, शाबास.

व्हिस्कोसचा रग, दुकानदार "सिल्कसारखा" म्हणाला होता, २२ हजारांचा. चहा सांडला म्हणून क्लीनिंगला दिला तर पिवळा पडून, खरखरीत होऊन, एका बाजूने आक्रसून आला. पावतीवर "मालकाच्या जोखमीवर" छापलंय. होम इन्शुरन्समध्ये ॲक्सिडेंटल डॅमेज घेतलंय. (कोपरखैरणे)

मी लाँड्रीवाली असल्याने माझ्यावर विश्वास ठेवाल की नाही माहीत नाही, पण यात चूक त्यांची आहे. व्हिस्कोस म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, चमकतो रेशमासारखा पण पाण्यात त्याचं बळ जातं, पिवळा पडतो आणि ताठरतो. हे धुणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे. ओळखायला सोपं, मागच्या बाजूने एक तंतू ओढून चिमट्यात धरून जाळायचा. कागद जळल्यासारखा वास आला तर व्हिस्कोस किंवा सूत, केस जळल्यासारखा आला तर लोकर किंवा खरं रेशीम, वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. आम्ही घ्यायच्या आधी जाळून बघायचो.

ॲक्सिडेंटल डॅमेज घेतलंत म्हणून इथे आशा असते, पण त्या भागाच्या बारीक अक्षरात धुताना, रंगवताना, दुरुस्त करताना झालेलं नुकसान बहुतेक वगळलेलं असतं. चहा सांडला त्याच दिवशी कळवलं असतंत तर तो भाग बसला असता कदाचित. आता तुमचा रस्ता ग्राहक तक्रारीचा. आधी क्लीनरला लेखी द्या, पंधरा दिवसांची मुदत, फोटो आधीचे आणि नंतरचे. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, बरेचदा तिथेच मिटतं. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. "मालकाच्या जोखमीवर" हा शिक्का आमच्या पण पावतीवर होता, सासऱ्यांनी छापून घेतला होता, त्याने जबाबदारी जात नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

पुढच्या वेळी देताना लांबी-रुंदी मोजून आणि कापड कुठलं ते पावतीवर लिहून घ्या. आणि रगचा तो कोपरा? नाही सुधारत. ओल्या कपड्याने मऊ करायला जाऊ नका, अजून बिघडेल.

तळमजला. मागच्या आठवड्यात गटाराचं पाणी गुडघाभर आलं. पॉलिसी भारत गृह रक्षाच आहे. कार्पेट दोन, एक मशीनचं, एक आईच्या लग्नातलं, उत्तर प्रदेशातल्या भदोहीचं, हाताने विणलेलं. सर्व्हेयर अजून आला नाही, आणि वासाने घरात बसवत नाही. (ठाणे पश्चिम)

पूर पॉलिसीत आहे, त्यामुळे तुमची बाजू इथल्या सगळ्यांत भक्कम. पण गटाराचं पाणी म्हणजे नुसती घाण नाही, त्यात उंदरांचं मूत आलं, त्यातून पसरणारा लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप आला, तेव्हा हातमोजे आणि गमबूट घातल्याशिवाय हात लावू नका आणि पायाला जखम असेल तर दुसऱ्या कुणाला तरी सांगा. पाण्यात चालून झाल्यावर ताप आला तर डॉक्टरला हे आवर्जून सांगा की पाण्यात होतो.

मशीनचं कार्पेट आणि खालचा फोम, दोन्ही टाकायचे. धुणार कोण आणि कशाला. फक्त टाकायच्या आधी कंपनीला मेल करा, की आरोग्याला धोका आहे म्हणून अमुक दिवशी हे काढून टाकतोय, तोवर बघायचं असेल तर या, सोबत फोटो, भिंतीवरची पाण्याची रेघ टेपने मोजलेली, आणि कार्पेटचा फूटभर तुकडा कापून वाळवून पिशवीत ठेवा. सर्व्हेयरला दाखवायला तेवढा पुरतो. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर आमच्या दुकानासमोर गाद्या-कार्पेटांचा ढीग पडला होता, आणि ज्यांनी आधी फेकलं आणि मग फोटोचा विचार केला ते नंतर महिनाभर कंपनीला पटवत बसले होते.

आईचं भदोहीचं मात्र टाकू नका. हाताने विणलेली लोकर पूर्ण पाण्यात बुडवून धुता येते, पण हे घरच्या बाथरूममधलं काम नाही, गालिचे धुणाराच हवा, आणि त्याला आधीच सांगा की गटाराचं पाणी होतं. तोवर अंगणात पाईपच्या स्वच्छ पाण्याने दोन्ही बाजूंनी चिखल जाईपर्यंत धुवा, सपाट ठेवा, ओला गुंडाळून रिक्षात घालू नका. पावती नसणार, लग्नातला ना, मग लग्नाच्या अल्बममध्ये शोधा, नवरानवरी बसलेल्या फोटोत खाली तोच असेल. तो फोटो आणि धुलाईचं बिल, दोन्ही क्लेमला जोडा.